बाष्पित्रांचे हंगामी पुनःचालन, बुलढाणा जिल्ह्यातील

कापसाचा हंगाम संपल्यावर सरकी काढण्याच्या व रुईच्या गठाणी बांधण्याच्या कारखान्यांतील बाष्पित्रे पावसाळाभर बंद ठेवून नव्या हंगामाच्या आरंभी ती उघडणे, तपासणे, पाण्याने भरणे व पुन्हा वाफेवर आणणे, या कामाची पद्धती. बाष्पित्रास बोलीत बॉयलर व शासकीय परिभाषेत बाष्पक असेही म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर इ. पेठांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाफेची एंजिने वापरात असेपर्यंत हे काम दरवर्षी करावे लागे. कारखान्याच्या जमाखर्चात त्याला फारसे स्थान नसले, तरी हंगामाचा आरंभ आणि बाष्पित्रघरात व त्याच्या आसपास काम करणाऱ्यांचे प्राण ही दोन्ही त्यावर अवलंबून असत.

उपयोगात नसताना यंत्र सुरक्षित राहते, ही सर्वसामान्य समजूत पाण्याशी संबंध येणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत खरी ठरत नाही. थंड प्रदेशांत नौकांवरील गरम पाण्याची यंत्रणा हिवाळ्यापूर्वी पूर्णपणे रिकामी करतात. कारण गोठताना पाण्याचे घनफळ सु. ९ टक्क्यांनी वाढून नळ व टाक्या फुटतात. वसंत ऋतूत नौका पुन्हा पाण्यात सोडण्यापूर्वी ही यंत्रणा भरणे, तीतील हवा काढणे व गळती शोधणे हे ठराविक क्रमाने करावे लागते. कोकण किनाऱ्यावर हिमाचे भय नसले, तरी पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेनंतर ती डागडुजी करून समुद्रात लोटीत. वऱ्हाडातील बाष्पित्रांची विश्रांतीही पावसाळ्यातीलच. येथे त्यांचा शत्रू हिम नसून दमट हवा हा होता.

पार्श्वभूमी : १८५३ च्या तहान्वये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) अमेरिकेतून इंग्लंडला होणारा कापसाचा पुरवठा खुंटल्याने वऱ्हाडी कापसाला मागणी वाढली. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे काम वऱ्हाडातून पुढे सरकत होते. भुसावळ–नागपूर हा मार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव ही या मार्गावरील स्थानके होत. खामगावची पेठ मुख्य मार्गापासून दूर राहिल्यामुळे जलंब ते खामगाव हा सु. १३ किमी. लांबीचा फाटा बांधण्यात आला व तो १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला. त्या वेळी खामगाव हे अकोला जिल्ह्यात होते. १९०५ मधील पुनर्रचनेत खामगाव व जळगाव (जामोद) हे तालुके बुलढाणा जिल्ह्यास जोडण्यात आले. घाटाखालच्या काळ्या जमिनीचा हा भाग आल्यामुळे जिल्ह्याचे कापसाच्या व्यापारातील महत्त्व वाढले.

रेल्वेने दूरवर न्यावयाचा कापूस जितका दाबून बांधावा तितका वाहतुकीचा खर्च कमी येतो. म्हणून हातरेच्यांच्या जागी यांत्रिक रेचे व हाताने दाबलेल्या सैल बोजांच्या जागी वाफेच्या शक्तीवर दाबलेल्या गठाणी आल्या. अमेरिकेत फोन्स मॅकार्थी यांनी १८४० मध्ये एकस्व घेतलेला रुळाचा रेचा आखूड धाग्याच्या भारतीय कापसास मानवला व इंग्लंडमधील कारखान्यांत तयार झालेले असे रेचे वऱ्हाडात मोठ्या संख्येने आले. रेच्यांची रांग एकाच लांब दंडावरून पट्ट्यांनी फिरे व तो दंड वाफेच्या एंजिनास जोडलेला असे. पूर्ण दाबाची मुंबई गठाण ३९२ पौंडांची (सु. १७८ किग्रॅ.) मानली जाई. एका एंजिनावर अनेक रेचे अवलंबून असल्याने बाष्पित्र थंड पडले, की सारा कारखाना थांबे.

बाष्पित्राचे स्वरूप : अशा कारखान्यांत कॉर्निश व लँकाशर या प्रकारांची बाष्पित्रे विशेष वापरीत. दोन्ही प्रकारांत पाण्याने भरलेला लोखंडी वा पोलादी पत्र्यांचा आडवा दंडगोल विटांच्या बांधकामात बसविलेला असतो व त्यातून आरपार जाणाऱ्या मोठ्या नळीत विस्तव पेटवितात. कॉर्निश प्रकारात अशी एक, तर लँकाशर प्रकारात दोन नळ्या असतात. लँकाशर बाष्पित्राचे एकस्व विल्यम फेअरबेर्न व जॉन हेदरिंग्टन यांनी १८४४ मध्ये घेतले. रचना साधी, दुरुस्ती सोपी व निकृष्ट जळणावरही चालणारी असल्याने ही बाष्पित्रे मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या कारखान्यांना सोयीची होती.

घरोघरी वापरात असलेला पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब आणि बाष्पित्र यांत मूलभूत फरक आहे. बंबातील पाण्याचा बाहेरच्या हवेशी संबंध असल्याने ते १०० से. च्या वर तापत नाही. बाष्पित्र बंद असते. त्यात दर चौ. सेंमी.स ७ किग्रॅ. दाब असता पाणी सु. १७० से. पर्यंत तापूनही द्रवरूप राहते. पत्रा फुटून दाब एकाएकी नाहीसा झाला, तर या अतितप्त पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ होतो आणि वातावरणीय दाबास वाफेचे घनफळ पाण्याच्या सु. १,६०० पट असते. मोठ्या लँकाशर बाष्पित्रात वीस टनांच्या आसपास पाणी मावते. त्यामुळे स्फोट होण्यास वाफ थोडी असली तरी पुरते. संहारक शक्ती साठलेली असते ती पाण्यात.

बंद ठेवण्याची रीत : वऱ्हाडात कापूस वेचणीचा हंगाम ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये सुरू होई व रेचे साधारणतः मार्च–एप्रिलपर्यंत चालत. त्यानंतरचे सहा महिने बाष्पित्र कशा अवस्थेत राहिले, यावर पुढील हंगामाची सुरक्षितता ठरे. बाष्पित्र थंड होऊ देऊन त्यातील पाणी सोडीत. गरम असतानाच पाणी सोडले, तर आतील गाळ विटांच्या उष्णतेने भाजून पत्र्याला चिकटतो. त्यानंतर आतील क्षारांची पुटे हातोडीने व खरवडणीने काढीत आणि विस्तवाच्या नळ्या व विटांचे धूममार्ग काजळीपासून साफ करीत. काजळी काढणे हे केवळ स्वच्छतेचे काम नव्हते. दगडी कोळशाच्या काजळीत गंधकाची संयुगे असतात; पावसाळी ओल शोषून त्यांचे अम्ल बनते व ते पत्रा बाहेरून खाते.

यापुढे दोन मार्ग असत. कोरड्या पद्धतीत मंद उष्णता देऊन बाष्पित्र आतून पूर्ण वाळवीत, कळीच्या चुन्याने भरलेल्या परातींसारख्या उथळ पात्रांची रांग आत ठेवीत व सर्व झाकणे घट्ट लावीत. कळीचा चुना हवेतील ओल शोषून फुटतो. म्हणून काही आठवड्यांनी झाकण उघडून तो बदलावा लागे. ओल्या पद्धतीत बाष्पित्र काठोकाठ पाण्याने भरीत. ते पाणी आधी उकळून त्यात विरघळलेली हवा घालवीत व त्यात दाहक सोड्यासारखा क्षार मिसळीत. विश्रांती दीर्घ असल्यास कोरडी आणि थोड्या आठवड्यांची असल्यास ओली पद्धत इष्ट मानली जाते. सर्वांत वाईट अवस्था अर्धवट पाणी राहिलेल्या बाष्पित्राची होय. पाणी व हवा यांच्या सीमारेषेवर गंजाची खोल खड्ड्यांची ओळ पडते.

पाण्याचा प्रश्न : बुलढाणा जिल्ह्यात ही काळजी विशेष आवश्यक होती. जिल्ह्याच्या उत्तर भागातील पूर्णा खोऱ्याचा काही प्रदेश खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील विहिरींच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण इतके असते, की ते पिण्यासही योग्य नसते. इतरत्र काळ्या कातळातील विहिरींचे पाणी जड असते. जड पाण्याची पुटे पत्र्यावर बसून उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाहीत व भट्टीची नळी तापून मऊ होते. खाऱ्या पाण्याला फेस येऊन ते वाफेबरोबर एंजिनात जाते आणि त्यातील क्लोराइडे लोखंडास खड्डे पाडतात. म्हणून कारखान्याची जागा निवडताना रेल्वेच्या सान्निध्याइतकाच गोड्या पाण्याचाही विचार करावा लागे. खामगाव नगरास जनुना येथील तलावाचा आधार होता. पावसाळ्यानंतर बाष्पित्र भरताना नवे पाणी कोणते, हा प्रश्न आधी सोडवावा लागे. कारण पहिल्या भरणीतील गाळ व क्षार संपूर्ण हंगामभर त्रास देत.

पुन्हा वाफेवर आणणे : दसऱ्याच्या सुमारास यंत्रांची पूजा होई, प्रत्यक्ष पूर्वतयारी मात्र त्याआधी काही आठवडे चालू झालेली असे. पहिला धोका बाष्पित्र उघडतानाच असतो. बंद अवस्थेत लोखंड गंजताना आतील हवेतला ऑक्सिजन वापरला जातो. झाकण काढताच आत उतरणारा मनुष्य काही क्षणांत बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून वरचे व खालचे अशी दोन्ही झाकणे काढून हवा दीर्घकाळ खेळू देणे व दिवा आत सोडून तो विझत नाही हे पाहणे, ही जुनी खबरदारी होती. लगतचे दुसरे बाष्पित्र चालू असल्यास दोहोंना जोडणारा वाफेचा नळ केवळ झडप बंद करून न थांबता पूर्णपणे विलग करणे आवश्यक असते. झडपेतून गळलेल्या वाफेने आत काम करणारे होरपळण्याचा संभव असतो.

आत शिरल्यावर प्रथम चुन्याची पात्रे मोजून बाहेर काढावयाची असत. त्यानंतर रिव्हेटांच्या ओळी, भट्टीच्या नळीचा माथा, पाण्याच्या पातळीची रेषा व विटांना टेकलेला तळ यांची पाहणी होई. लहान हातोडीने पत्रा ठोकून आवाज ऐकण्याची रीत सर्वत्र होती. धडधाकट पत्र्याचा नाद खणखणीत येतो. आतून खाल्लेल्या वा पापुद्रे सुटलेल्या पत्र्याचा बद्द येतो. विटांच्या बांधकामात पावसाचे पाणी मुरले असल्यास त्याला टेकलेला पत्रा बाहेरून गंजलेला असे. असा भाग सहजी दृष्टीस पडत नसल्याने संशय आल्यास विटा काढून पाहणे हाच उपाय असे.

भट्टीच्या नळीच्या माथ्यावर सहज वितळणाऱ्या धातूची गुडदी बसविलेली असते. पाण्याची पातळी धोक्याखाली गेल्यास ती वितळून पाणी व वाफ विस्तवावर येते व विस्तव शमतो. पुटे साचून ही गुडदी निकामी होत असल्याने हंगामारंभी ती तपासणे वा नवीन बसविणे श्रेयस्कर असे. सुरक्षा झडप, दाबमापक, पाण्याची पातळी दाखविणाऱ्या काचनळ्या, पाणी आत घेणारी एकमार्गी झडप व तळाची गाळ सोडण्याची तोटी हे भाग सोडवून, साफ करून पुन्हा जोडीत. बंद काळात सुरक्षा झडप आपल्या बैठकीला गंजून चिकटण्याचा संभव असतो व मग वाढता दाब बाहेर पडण्यास वाटच उरत नाही.

यानंतर बाष्पित्र थंड पाण्याने पूर्ण भरून पंपाने दाब देत. हा दाब नेहमीच्या कार्यदाबाहून अधिक, बहुधा सव्वा ते दीडपट असतो. थंड पाणी फारसे दाबले जात नसल्यामुळे सांधा फुटला, तरी केवळ गळती होते. स्फोट होत नाही. पाण्याने घेतलेल्या चाचणीचे महत्त्व यातच आहे. चाचणी उतरल्यावर पाणी कामाच्या पातळीपर्यंत कमी करून विस्तव पेटवीत. हा विस्तव अत्यंत मंद असावा लागतो. लँकाशर बाष्पित्रात विस्तवाच्या नळीखालचे पाणी बराच वेळ थंडच राहते. घाई केल्यास दंडगोलाचा वरचा भाग प्रसरण पावतो, खालचा पावत नाही व तळाचे सांधे सुटतात. शिवाय ओल्या झालेल्या विटाही सावकाश वाळाव्या लागतात. थंड अवस्थेतून पूर्ण वाफेवर येण्यास एक अहोरात्र देणे सुरक्षित मानले जाई. वाफ तयार होऊ लागेपर्यंत वरची तोटी उघडी ठेवून आतील हवा बाहेर जाऊ देत. दाब चढू लागल्यावर काचनळ्यांच्या तोट्या पुनःपुन्हा उघडून पातळी खरी आहे याची खात्री करीत आणि शेवटी सुरक्षा झडप नेमून दिलेल्या दाबास उघडते की नाही हे पाहत. त्यानंतरच एंजिनास वाफ मिळे व भोंगा वाजे.

कापसाच्या गाड्या पेठेत येऊ लागल्या, की हा एक अहोरात्र मालकास फार वाटे. भाव चढते असताना आधी सुरू झालेल्या कारखान्यास अधिक काम मिळे. हंगामी बाष्पित्राचा खरा धोका यंत्राच्या वयापेक्षा या घाईत होता.

कायदेशीर नियंत्रण : कलकत्त्यात १८६३ मध्ये झालेल्या एका भीषण बाष्पित्रस्फोटानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बाष्पित्रांच्या तपासणीचा पहिला कायदा झाला. पुढे इतर प्रांतांनीही कायदे केले व १९२० पर्यंत देशात असे सात निरनिराळे कायदे अस्तित्वात आले. एका प्रांतात मान्य झालेले बाष्पित्र दुसऱ्या प्रांतात अमान्य ठरे. ही विसंगती दूर करण्यासाठी नेमलेल्या समितीच्या शिफारशींनुसार भारतीय बाष्पित्र अधिनियम, १९२३ संमत होऊन १ जानेवारी १९२४ पासून अंमलात आला. वऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने निजामाचाच प्रदेश असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्र अधिसूचनेने लागू करावे लागत. ही परिस्थिती १९४१ च्या वऱ्हाड कायदे अधिनियमापर्यंत टिकली.

या अधिनियमाने पाच गॅलनांपेक्षा अधिक धारणशक्तीच्या, दाबाखाली वाफ निर्माण करणाऱ्या बंद पात्रास बाष्पित्र ठरविले. नोंदणीशिवाय व चालू प्रमाणपत्राशिवाय ते वापरणे गुन्हा ठरला. प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त बारा महिन्यांची असे. तपासणीच्या दिवशी बाष्पित्र रिकामे, थंड, साफ व इतर बाष्पित्रांपासून विलग करून ठेवणे हे मालकाचे कर्तव्य ठरविण्यात आले. अपघात झाल्यास चोवीस तासांच्या आत निरीक्षकास कळविणे बंधनकारक झाले. बाष्पित्र सक्षमतेचे प्रमाणपत्र धारण करणाऱ्या व्यक्तीच्याच देखरेखीखाली असावे, असे नियम करण्याचा अधिकारही शासनास मिळाला. रेल्वे एंजिनांची व आगबोटींची बाष्पित्रे मात्र या अधिनियमातून वगळण्यात आली होती. त्यांच्या तपासणीची व्यवस्था वेगळी होती. बारमाही गिरणीस तपासणीसाठी काम थांबवावे लागे. हंगामी कारखान्याचे बाष्पित्र त्या वेळी बंदच असल्याने वार्षिक तपासणी व हंगामपूर्व पुनःचालन यांची सांगड घालणे शक्य झाले.

कामगारांची स्थिती : बाष्पित्राच्या तपासणीचा विचार १८६४ मध्ये सुरू झाला, हंगामी कारखान्यातील माणसांचा विचार होण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला. १८८१ च्या पहिल्या कारखाना अधिनियमाने शंभर वा अधिक कामगारांचे कारखाने नियंत्रणाखाली आणले. परंतु वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून सुटले. मुंबई सरकारने १८८४ मध्ये नेमलेल्या आयोगासमोर बुलढाण्यालगतच्या खानदेशातील जिनांमध्ये स्त्रियांना पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत, प्रसंगी रात्रंदिवसही, काम करावे लागत असल्याच्या साक्षी झाल्या. १८९१ च्या अधिनियमाने कामगारसंख्येची मर्यादा पन्नासपर्यंत खाली आणली. हंगामी कारखान्यांना मिळणारी ही सूट १९११ च्या अधिनियमाने काढून घेतली. तथापि स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर घातलेल्या बंदीतून सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने तेव्हाही वगळण्यात आले. १९३४ च्या अधिनियमाने बारमाही कारखान्यांत प्रौढांसाठी आठवड्यास ५४ तास, तर हंगामी कारखान्यांत ६० तास कमाल मर्यादा घातली. हा भेद १९४८ च्या कारखाना अधिनियमाने संपुष्टात आणला.

रेच्यांत कापूस घालण्याचे काम मुख्यत्वे स्त्रिया करीत. बहुसंख्य कामगार शेतमजूर असून पावसाळ्यात शेतावर व हंगामात जिनात अशी त्यांच्या वर्षाची विभागणी असे. बाष्पित्राशी प्रत्यक्ष संबंध असलेले एंजिनचालक, आगवाले व साफसफाई करणारे मजूर संख्येने थोडे असत. यांपैकी चालकास प्रमाणपत्राची आवश्यकता होती. आत शिरून पुटे काढणाऱ्या मजुरास अशी कोणतीही पात्रता लागत नसे. वास्तविक पावसाळ्यानंतर बंद बाष्पित्रात प्रथम पाऊल टाकणारा तोच असे. काळजीपूर्वक केलेल्या पुनःचालनाचे श्रेय नोंदवहीत मालक व निरीक्षक यांच्या नावे जाई. त्यात कसूर झाल्यास तिचे परिणाम बाष्पित्रघरातील या थोड्या माणसांना आणि भिंतीपलीकडे रेच्यांवर बसलेल्या स्त्रियांना भोगावे लागत.

ऱ्हास : विसाव्या शतकात प्रथम तेल एंजिने व नंतर विजेच्या मोटारी आल्यामुळे रेचे चालविण्यासाठी वाफेची गरज क्रमशः नाहीशी झाली. तेल एंजिन थोड्या मिनिटांत सुरू होते व त्यास वीस टन पाणी तापविण्याची आवश्यकता नसते. हंगामी कामास हा गुण विशेष उपयुक्त ठरला. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाले. १९७२ पासून अंमलात आलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात जिल्ह्यातील खाजगी व सहकारी जिनांतून शासनाने खरेदी केलेल्या कापसावर प्रक्रिया होत असे. केंद्र शासनाने २००० मध्ये सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाखाली अनेक कारखान्यांचे आधुनिकीकरण झाले. संसदेने २०२५ मध्ये बाष्पित्रांसंबंधी नवा कायदा करून १९२३ च्या अधिनियमाची जागा त्यास दिली.

रेच्यांच्या कारखान्यांतून बाष्पित्रे गेली, तरी हंगामी बाष्पित्रांचा प्रश्न महाराष्ट्रात संपलेला नाही. साखर कारखान्यांची बाष्पित्रे गळीत हंगामानंतर काही महिने बंद राहतात व दरवर्षी पुन्हा पेटविली जातात. त्यांचा आकार, दाब व रचना जुन्या लँकाशर बाष्पित्राहून सर्वस्वी भिन्न असली, तरी बंद पात्रातील ऑक्सिजनहीन हवा, गंजून चिकटलेली झडप, सुटलेले सांधे व हंगाम गाठण्याची घाई हे धोके तेच आहेत. त्यांवरील उपायही तेच असून त्यांत सावकाश पेटविलेल्या विस्तवाचे स्थान अद्याप पहिले आहे.